थोरल्याने हरायचं

हितोयोशी, १४ ऑक्टोबर, सोमवार

प्रिय योशिमी,

तुला आशीर्वाद, जावईबापूंना नमस्कार. कोबेत अजून उकडतंय का? इथे भात कापून झाला, सकाळी नदीवर धुकं बसायला लागलंय. माझे गुडघे ठीक आहेत. उजवा खांदा तेवढा वर जात नाही. डॉक्टर म्हणाले, ताण देऊ नका. कशाचा ताण, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. उकडलेले चेस्टनट वेगळे पाठवलेत, डबा परत पाठवायची घाई नाही.

या पत्रात तुला एक विचारायचं आहे. ते मध्येच कुठेतरी येईल, त्यामुळे सगळं वाच. बाबा असताना त्यांची पत्रं ठेवायचीस तसं नुसती शेवटची ओळ बघून ठेवून देऊ नकोस.

तुझी कोतोने दर रविवारच्या बसने येते. तीन वाट्या भात खाते, लोणच्याची बरणी रिकामी करते. तू लिहिलं होतंस की ती कॉलेजात टेनिस खेळते, पण मनगटं काळीनिळी दिसतात, आई, जरा बघ. बघितलं. योशिमी, ते टेनिस नाही. ते मी आहे.

आता लिहून टाकलंच आहे तर सगळंच सांगते. एप्रिलात पोरगी तालीम झाडायला म्हणून गेली ती बाहेरच येईना. जाऊन बघते तर बाबांची सरावाची नागिनाता खुंटीवरून काढून उभी. दांडा तिच्यापेक्षा हातभर उंच, वर ते वाकडं पातं. म्हणाली, “आजी, हिला धरायचं कुठे?” मी म्हटलं, “जिथे लाकूड गुळगुळीत झालंय तिथे. शंभर वर्षं धरणारी माणसं चुकीच्या जागी धरणार नाहीत.” तिथून सुरुवात झाली. थांबवायला हवं होतं, हे मला कळतं. पण मला इतका आनंद झाला होता की कळायला जून उजाडला.

तुला बघायला हवं. तीन महिन्यांत दांडा तिच्या हातातून आवाज न करता सरकायला लागला. तुला पाच लागले होते. मी समोर लाकडी तलवार घेऊन उभी राहते, तिच्या डोक्यावर वार करते. ती एक पाय मागे घेते, दांड्याच्या बुंध्याने माझी तलवार बाजूला सारते, आणि मी सावरेपर्यंत पुढचं पातं माझ्या पोटरीशी आलेलं असतं. की मी मेले. मग परत उभी राहते. दिवसातून तीस-चाळीस वेळा मरते आणि भूक छान लागते.

एकदा म्हणाली, “आजी, तू सारखी हरतेस, कंटाळत नाहीस?” मी म्हटलं, “अगं, असागिरी घराण्यात थोरल्यानेच हरायचं असतं. धाकट्याला जिंकायला शिकवायचं तर समोर खरा वार करणारा आणि वेळेवर मरणारा कुणीतरी लागतो. धाकट्याला ते जमत नाही. त्याला जिंकायची घाई असते.” तिने ते कुठेतरी लिहून घेतलं. माझं बोलणं कुणी लिहून घेतंय हे आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.

साखळीचा कोयता मात्र अजून तिला ऐकत नाही. साखळी फिरवून समोरच्याची तलवार गुंडाळायची, ओढायची, आणि मग कोयता घेऊन आत शिरायचं. साखळीच्या टोकाला लोखंडाऐवजी मी कापडाचा गोळा बांधलाय, तरी तिने तो स्वतःच्याच कानाखाली मारून घेतला. डाव्या. तूही डाव्याच मारून घेतला होतास.

मंगळवारी कॉलेज सुटल्यावर ती गावच्या सभागृहात कुरीबायाशींकडेही जाते. तू त्यांना ओळखत नाहीस. निवृत्त झाल्यावर बाबांकडे शिकायला आले, माणूस भला आहे. सहाव्या डावात तलवार अंगावर येते तेव्हा ते एक छोटी उडी मारतात. त्यांचे सगळे शिष्यही मारतात. कोतोनेने मारली नाही, तर तिला रागावले. मग मला गाठून म्हणतात, “वहिनी, नातीला समजवा. ती उडी म्हणजे गुरुजींच्या घराण्याचं गुपित आहे.” मी म्हटलं, “गुपित कसलं, भावजी. पर्सिमनच्या झाडावरून पडून त्यांचं कंबरेचं हाड मोडलं होतं. तो पाय टेकवला की कळ यायची.” बिचाऱ्यांनी चहाचा पेला खाली ठेवला. मग म्हणाले, “पंधरा वर्षं मारतोय हो वहिनी.” मी म्हटलं, “मारा की. तब्येतीला चांगलं असतं.”

तर आता विचारायचं ते. तेवीस नोव्हेंबरला देवळाच्या उत्सवात कोतोनेला शपथ घ्यायची आहे. बोट टोचून रक्ताचा ठसा द्यायचा, म्हणजे ती घराण्याची झाली. ती तुझ्या होकाराशिवाय देणार नाही म्हणते. आणि ठसा दिला की पुढे तिला शेवटचे पाच डाव लागणार. ते कुरीबायाशींकडे नाहीत. ते माझ्याकडे आहेत, आणि तेही अर्धे, तलवारीच्या बाजूचे. माझ्या खांद्यात फार दिवस उरलेले नाहीत. बाबांच्या जुन्या, उडीशिवायच्या डावांची नागिनाता ज्या हातांना माहीत आहे असं माणूस आता एकच आहे. म्हणून तू ये. नुसता होकार पाठवू नकोस, स्वतः ये.

तुझी आई


हितोयोशी, २९ ऑक्टोबर, मंगळवार

प्रिय योशिमी,

तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी. “मुलीला देत नाही म्हणून बाबांनी मला जे दिलं नाही, ते माझ्या मुलीलाही नको. तिला थांबव.” डबा मिळाल्याचं लिहिलं नाहीस, मिळाला असेल असं धरते.

कोतोनेला थांबवलंय. रविवारी आली तेव्हा तालमीला कुलूप घातलं होतं. भांडली नाही. दोनच वाट्या भात खाल्ला.

मी तीन दिवस हे पत्र लिहायला बसते आणि उठते. बसले की गच्चीवरचे पर्सिमन आत घ्यायचे आठवतात, नाहीतर मांजर आठवतं. आज सगळी कामं संपवून बसलेय. तेव्हा सरळ लिहिते. तुला पाच डाव बाबांनी नाकारले नाहीत. मी नाकारले.

तू चोवीस वर्षांची होतीस. तू मागितलेस त्या आठवड्यात बाबांनी नवा कुंचला आणला, शपथेचा कागद काढून ठेवला. इतके खूश होते की जेवताना बोलले. आणि मी त्या दिवशी भांडी विसळता विसळता म्हटलं, “तिला द्याल तर मी पुन्हा तलवार धरणार नाही.”

याचा अर्थ तुला तेव्हा कळला नसता, कारण ते पाच डाव दार लावून चालत. सासरे गेल्यावर बाबांसमोर उभं राहायला कुणी उरलं नव्हतं, आणि समोर वार करणारा नसला की नागिनातेचा डाव वर्षभरात हातातून जातो. म्हणून त्यांनी मला तलवारीची बाजू शिकवली. मी शिष्यही नव्हते, ठसाही दिला नव्हता, सूनच होते. दर पहाटे मी वार करायचे आणि हरायचे. मी तलवार ठेवली असती तर त्या पाचांचं काही उरलं नसतं. हे बाबांना माहीत होतं, मलाही होतं. त्यांनी विसळलेली भांडी फळीवर लावली. मग म्हणाले, “बरं.” आणि तुला जाऊन सांगितलं की मुलीला देत नाही. माझं नाव घेतलं नाही. तू घर सोडलंस तेव्हाही नाही, नंतर पंचवीस वर्षं कधीच नाही. मीही नाही.

का, ते सांगते. मी एकोणिसाव्या वर्षी या घरात आले तेव्हा सासरे म्हणाले होते, शपथेत लिहिलंय, पाच डाव घेणाऱ्याने ही दरी सोडून कुठे राहायचं नाही. मला जुनी अक्षरं वाचता येत नाहीत, नवीसुद्धा सगळी येत नाहीत. शाळेत असायचे त्यापेक्षा धाकट्या भावंडांना पाठीवर घेऊन शेतावर जास्त असायचे. त्यांनी सांगितलं ते मी मानलं. तुला गाव सोडायचं होतं, मला दिसत होतं. स्टेशनवरून गाडी गेली की तुझी मान वळायची. मला वाटलं, डाव मिळाले तर तू इथेच अडकशील, माझ्यासारखी. हे मी बाबांना कधी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. आमचं तसंच होतं.

आता ऐक. कोतोने कॉलेजात जुनी लिपी शिकते. ठसा देण्याआधी शपथ वाचायची असते, म्हणून मागच्या महिन्यात तिने ती मला मोठ्याने वाचून दाखवली. आईबापांनाही डाव दाखवणार नाही, हे आहे. दुसऱ्या घराण्याची निंदा करणार नाही, हे आहे. मोडलं तर देवांचा कोप, सगळ्या देवांची नावं आहेत, फार आहेत. दरी सोडायची नाही हे कुठेही नाही. मी तिला दोनदा वाचायला लावलं. ती म्हणाली, “आजी, नाहीये गं. कुणी सांगितलं तुला?” मी म्हटलं, “कुणी नाही, चहा ठेव.”

सासरे खोटं बोलले की त्यांना त्यांच्या वडलांनी तसं सांगितलं होतं, कोण जाणे. घरात वाचता येणारा माणूस होता, रोज माझ्यासमोर उभा राहत होता. एकदा विचारलं असतं तर पुरलं असतं. पण तो नियम नसता तर मी नको म्हटलं नसतं, असं मी लिहिणार नाही. तू जावंस असंच मला वाटत होतं. फक्त मी ते तोंडाने बोलले असते तर तू माझ्यावर रागावून गेली असतीस, त्यांच्यावर नाही.

कुरीबायाशींनी एकदा बाबांकडे ते पाच मागितले होते. बाबा म्हणाले, “ते दुसऱ्याचे आहेत. मी फक्त सांभाळतोय.” मी पलीकडे भाजी चिरत होते. चिरत राहिले.

बाबांची बाजू त्यांच्याबरोबर गेली असं सगळ्यांना वाटतं. घराण्याच्या कागदाच्या गुंडाळीत नुसती डावांची नावं आहेत, कृती नाही. पण तीस वर्षं पातं कुठून आलं आणि कुठे थांबलं, हे माझ्या अंगाला पाठ आहे. पहिल्यात मी उजव्या खांद्यावरून तलवार आणते तेव्हा ते खालून... नाही, हे कागदावर लिहायचं नसतं. कोतोने म्हणेल, तू कुठे शपथ घेतली आहेस. तरी नाही लिहीत. तू समोर उभी राहिलीस तर मी वार करीन, आणि तुझं पातं चुकलं की मला कळेल. पाचही डाव असे परत येतील. मला वाटतं दोन आठवडे पुरतील, माझा खांदा धरून.

हे तुझे आहेत, कोतोनेचे नंतर. तिला द्यायचे की नाही, ते तू ठरव. तू म्हणालीस की नको, तर कुलूप राहील आणि मी तिला दुसरं काही शिकवणार नाही. एकदा मी दुसऱ्याच्या वतीने ठरवलं, तेवढं पुरे.

आणि यायचं नसेल तर नको येऊस. पण बाबांवरचा राग काढून घे. तो त्यांचा नव्हता.

नको म्हणणारी,
तुझी आई


हितोयोशी, १४ नोव्हेंबर, गुरुवार

लाडक्या कोतोने,

या रविवारी सकाळच्या बसने येऊ नकोस, दुपारच्या ये. सकाळी तालमीचं दार आतून लावलेलं असेल आणि तुला बाहेर थंडीत बसावं लागेल. आत तुझी आई आणि मी असू.

ती सोमवारी आली. सांगितलं नव्हतं, एकदम दारात. मी म्हटलं, “जेवलीस का?” तर म्हणाली, “शपथेचा कागद कुठे आहे?” उभ्याउभ्या सगळा वाचला, शेवटपर्यंत, एकही देव सोडला नाही. मग चपला काढल्या. बोट टोचताना तिने तोंड फिरवलं, लहानपणी सुई टोचून घेताना फिरवायची तसं. आजोबांच्या फोटोसमोर पुष्कळ वेळ बसली. काय बोलली ते मी ऐकलं नाही, मी भात टाकायला गेले होते.

तुझ्या ठशाचं तिला विचारू नकोस. जेवताना तीच सांगेल, मला अंदाज आहे. कुरीबायाशी भावजी सभागृहातून उत्सवाची यादी घेऊन आले होते, तेव्हा तिने त्यांना नमस्कार केला आणि यादीत तुझ्या नावासमोर काहीतरी लिहिलं. ते वाचून हसत गेले. जाताना उडी मारली नाही, एवढं मी बघितलं.

दोन डाव झालेत. तिसऱ्याला माझा खांदा आडवा येतोय, पट्टी बांधून करू. माझ्याशी ती अजून धड बोलत नाही. मीठ दे, दार लाव, एवढंच. रागावलीय आणि राहणार, ते तिच्या हातात कळतं. नागिनाता येते ती सणसणत येते, माझे केस हलतात. पण दर वेळी कातडीपासून बोटभर अलीकडे थांबते.

येताना लोणच्याची रिकामी बरणी आण.

तुझ्या आईची आई