दोन नंबरची पिन

सोमवार, ४ मार्च

लेथवाल्याने सकाळी सकाळी माझ्या टेबलावर एक फुटलेलं गिअर केस आणून आदळलं. समोरच्या यार्डातल्या ट्रकचं. इंजिनाच्या तोंडाशी असतं ते कवच, त्याला मुठीएवढं भगदाड. मग खिशातून एक पिन काढली. करंगळीच्या पेराएवढी, चावून चपटी झालेली.

"फोरमनसाहेब, हा या जुन्या इंजिनांचा रोगच आहे. केस सरळ बसावं म्हणून ही पिन घालतात. वीस-वीस वर्षं थरथरून ती सैल होते आणि एक दिवस गिअरमध्ये पडते. झालं इंजिन."

उपाय? पिन परत आत ठोकायची. शेजारच्या बोल्टखाली पोलादाची छोटी पट्टी अशी अडकवायची की पिनेचं तोंड झाकलं जाईल. पट्टीला पाच मिनिटं. तिथवर पोचायला फॅन काढा, पुली काढा, पुढचं कव्हर काढा — अख्खा दिवस.

आमच्याकडे गाड्या चार. एक, दोन, तीन, पाच. चौघींत हेच इंजिन.

चार नंबर आठवली. अकरा वर्षांपूर्वी तिचं इंजिन असंच फुटलं होतं. पण तिचं वेगळं होतं. तिच्यात थोरल्या भावाने विसरलेला बोल्ट होता. मी या डोळ्यांनी पाहिला.

लेथवाला चहा पिऊन गेला. फुकटचं ज्ञान आणि वर माझाच चहा.

मंगळवार, ५ मार्च

मालक म्हणाला, "एका पिनेसाठी चार गाड्या उभ्या करू?" दीड तास डोकं फोडलं, तेव्हा कुठे कबूल झाला. दिवसाला एक गाडी, तीही यार्डात असेल ती. बाहेर गेलेली परत बोलावणार नाही.

बाहेर गेलेली म्हणजे दोन नंबर. आणि दोन नंबरवर माझा पोरगा.

शनिवारी येणार. मध्ये सगळा घाटाचा रस्ता. उतारावर इंजिन बंद पडलं की स्टिअरिंगचा दगड होतो, ब्रेकला नवी हवा मिळत नाही, आणि मागे सोळा टन माल ढकलत असतो. हे मी मालकाला सांगितलं. तो म्हणाला, "इतकी वर्षं पडली नाही, नेमकी याच आठवड्यात पडेल का?" त्याच्या पोराला बसव म्हणावं गाडीवर.

पोराला फोन केला. बाजूला घे, गाडी जागेवर उभी कर म्हटलं. हसला! "बाबा, काही होत नाही हो तिला." आणि गाणी चालू मागे. तिशीला आला, इंजिनाची अक्कल शून्य. मी पाना हातात द्यायला गेलो तर लहानपणापासून पळ काढायचा. स्टिअरिंग तेवढं पाहिजे.

दोनची देखभाल पहिल्यापासून माझ्याकडे. थोरल्याचा हात तिला लागता कामा नये, हा मी फोरमन झाल्यावरचा पहिला हुकूम. इतक्या वर्षांत तिचं पुढचं कव्हर थेंबभर गळलं नाही, म्हणून मी कधी उघडलंही नाही. बाकीच्या बघा, रोज खाली ट्रे लावायला लागतो.

पण न उघडल्यामुळेच पिन आत कशी आहे ते मला माहीत नाही.

बुधवार, ६ मार्च

पाच नंबर घेतली. फॅन उतरवत होतो तर स्टोअरवाली आली. तिच्याच तोंडून आमचा सगळा कारभार चालतो, अकरा वर्षं. सख्खा भाऊ, बाजूच्याच गाडीखालच्या खड्ड्यात काम करतो, आणि मला दहा नंबरचा पाना हवा असला तरी निरोप हिच्याकडून.

"थोरले म्हणतात, पाचला हात लावू नका, तिचं झालेलं आहे."

काय झालेलं आहे? लेथवाला सोमवारी आला आणि याचं बुधवारी झालेलं? चोराच्या उलट्या बोंबा. म्हटलं, आज याला सगळ्यांसमोर उघडा पाडतो. कव्हर काढलं.

पट्टी होती.

नवी नाही. तेलाने काळी झालेली, कडा गोल घासलेल्या. आणि तिच्यावर पंचने मारलेली दोन टिंबं.

ही शिस्त वडिलांची. तेही याच यार्डात फिटर होते. इंजिन जो बंद करेल त्याने आत आपली खूण मारायची. वडिलांचं एक टिंब, थोरल्याची दोन, माझी तीन. खूण नसलेलं काम म्हणजे चोरीचं काम, म्हणायचे. चार टिंबं पोराची व्हायची, ती त्याने वाऱ्यावर सोडली.

असेल, पाच त्याचीच गाडी. एखादी पट्टी लावली म्हणून काय मोठा तीर मारला?

गुरुवार, ७ मार्च

एक नंबर. पट्टी. दोन टिंबं.

हरामखोर.

घरी आलो तो तडक माळ्यावर चढलो. ही खालून ओरडत होती, पडाल म्हणून. जुन्या वह्यांचा गठ्ठा सोडला आणि अकरा वर्षांपूर्वीची काढली. माझंच अक्षर. उतरवून ठेवतो, म्हणजे परत शोधायला नको —

"चार नंबर उघडली. गिअरमध्ये चपटा तुकडा सापडला. थोरला म्हणतो ही पिन आहे, आपोआप सुटून पडली. पिन म्हणे आपोआप सुटते! नाचता येईना अंगण वाकडं. मी मालकासमोर सांगून टाकलं, बोल्टचा तुकडा आहे, शेवटचं कव्हर यानेच बंद केलंय."

पुढच्या पानावर एकच ओळ. "आजपासून मी फोरमन."

तुकडा मी हातात घेऊन नीट पाहिला होता का? बोल्टला आटे असतात. त्या तुकड्याला आटे होते का? अकरा वर्षं मी "या डोळ्यांनी पाहिला" म्हणत आलो, आणि आज आठवायला बसलो तर आटे काही आठवत नाहीत. त्याची फोरमनची खुर्ची तेवढी आठवते, आणि ती मला हवी होती हे आठवतं.

त्या दिवसानंतर तो गप्पच बसला. आणि जी गाडी हाताखाली येईल तिच्यात गुपचूप पट्टी लावत गेला. मला सांगायला काय जात होतं? पण मला कोण सांगणार? मी ऐकलं असतं थोडंच.

तरी राग त्याचाच येतो आहे. सुंभ जळतो, पीळ जात नाही.

पोराचा फोन लागला नाही. घाटात असेल.

शुक्रवार, ८ मार्च

तीन नंबर. पट्टी, दोन टिंबं. आता कव्हर काढायच्या आधीच कळतं.

म्हणजे सगळ्या कंपनीत एकच गाडी बिनपट्टीची. थोरल्याला हात लावू दिला नाही ती. माझी. पोरगा जिच्यावर बसलाय ती.

दुपारी घरी जेवताना ही म्हणाली, "एकदा मोठ्या भाऊजींना विचारा की दोनचं." इतक्या शांतपणे, जशी भाजी काय करू विचारते. म्हटलं, तुझा पोरगा आहे तिच्यावर, तुला काही वाटतं का? म्हणाली, "वाटतं म्हणूनच सांगते, विचारा." ताट सरकवून उठलो. काय विचारू? ज्या गाडीला हात लावलास तर हात तोडीन म्हटलं, ती तू दुरुस्त केलीस का, असं?

तरी गेलो. त्याच्या खड्ड्याच्या काठावर उभा राहिलो. खाली त्याचं टक्कल आणि बॅटरी. त्याने वर पाहिलं नाही. माझे बूट त्याला दिसत होते, मला माहीत आहे. बोल्ट तीनदा काढला आणि तोच तीनदा बसवला. मी खोकलो. तोही खोकला. अकरा वर्षांत एवढंच आमचं बोलणं.

परत फिरलो. स्टोअरवालीला म्हटलं, विचार त्याला, दोनच्या पिनेचं काय. ती बिचारी गेली, आली. मान खाली घालून म्हणाली, "थोरले म्हणतात, दोन नंबर फोरमनसाहेबांची. मला कशाला विचारता."

बरोबर आहे. माझेच शब्द. त्याने नुसते परत केले.

चार वाजता एक पट्टी कापली. भोक पाडलं, कडा घासल्या, खिशात ठेवली. आता फक्त गाडी आली पाहिजे. बाकी काही नको मला. खुर्ची नको, मालक नको, काही नको. गाडी फाटकातून आत येऊ दे.

पोराचा फोन नाही.

शनिवार, ९ मार्च — सकाळ

सहापासून फाटकाशी उभा आहे. वही बरोबर आणली, हाताला काहीतरी पाहिजे म्हणून. मालक म्हणाला, "आत बसा, कडक ऊन येईल." फाटक सोडलं नाही. थोरला आला, माझ्याकडे एकदा बघितलं, शांतपणे चेहरा पुसला आणि आत गेला. माझे हाल बघून सुख होत असेल. होऊ दे.

शनिवार, ९ मार्च — संध्याकाळ

गाडी साडेदहाला आली. पोरगा उतरायच्या आत बॉनेट उघडलं. इंजिन गरम होतं, हात भाजले, थांबलो नाही. फॅन, पुली, कव्हर.

पट्टी होती.

काळी, जुनी. तिच्यावर दोन टिंबं. आणि शेजारी, नवशिक्या हाताची, वाकडीतिकडी — चार.

पोरगा मागेच उभा होता. म्हणाला, "तुम्ही हर्नियाच्या ऑपरेशनला गेला होता तेव्हा. सील गळत होतं, तेही बदललं. काकांनी शपथ घातली होती." नऊ वर्षांपूर्वी. म्हणजे नऊ वर्षं तो काकाकडून काम शिकतोय. हिलाही माहीत होतं.

स्टोअरवाली आली. "थोरल्यांनी विचारलंय, या आठवड्यात झोप लागली का."

माझी पट्टी खिशातच राहिली. कव्हर मी बंद करणार होतो, म्हणून त्या चारच्या खाली माझी तीन टिंबं मारली. हात धुतले. स्टोअरवालीला सांगितलं, नाही लागली म्हणावं. मग मालकाच्या खोलीत गेलो आणि सांगितलं की चार नंबरमध्ये बोल्ट नव्हता.