फाट्यावरची मोजणी

जळगाव,
२० नोव्हेंबर १९९१

प्रिय सुकदेव,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे फोडलंस, तर आता शेवटपर्यंत वाच. मुद्द्यावर यायला मला वेळ लागतो हे तुला नवं नाही. तूच म्हणायचास, शालिग्रामची गाडी काय आणि शालिग्रामचं बोलणं काय, चार वेळा हँडल मारल्याशिवाय सुरू होत नाही. म्हणून कामाचं आधी सांगतो. तोरणमाळची मोडलेली सहल पुन्हा निघते आहे, चार आणि पाच जानेवारीला, आणि ती तुझ्याशिवाय निघू नये असं मला वाटतं. तू येशील की नाही, एवढाच प्रश्न आहे. बाकीचं पत्र म्हणजे हा प्रश्न विचारायची माझी लायकी आहे का, त्याचा हिशोब.

तीन वर्षांपूर्वीचाच तुझा आराखडा कौतिकशेठनी आपल्या डाळमिलच्या कपाटातून काढला. इंदूरचे पाच जण येणार, सुरतेचे तीन, नाशिकचे दोन आणि आपल्याकडचे तीन. सगळ्या दोन सीटच्या, बिनटपाच्या स्पोर्ट्स गाड्या. पारोळ्याला चहा, धुळ्यात जेवण, दोंडाईच्यावरून सारंगखेड्याचा पूल, शहाद्याला टाक्या गळ्यापर्यंत भरायच्या, कारण पुढे पेट्रोल नाही. सारंगखेड्याची यात्रा तोवर उठलेली असेल, नाहीतर घोडेवाल्यांच्या गर्दीत या बुटक्या गाड्या कुणाला दिसायच्याही नाहीत. कापसाच्या बैलगाड्या रस्त्यावर यायच्या आत एरंडोल गाठायचं, हे तू लाल शाईनं लिहिलेलं आहे. रात्री तलावाच्या काठी भरीत आणि कळण्याची भाकरी. वांगी बामणोदचीच, हेसुद्धा लिहिलंयस. वाचताना हसू आलं.

त्याच कागदावर जीवरामचं नाव आहे. 'शेवटची गाडी – जीवराम, हत्यारांची पेटी.' आपल्यात खरा गाडीवाला तोच होता रे. आपण पैसे मोजून गाड्या आणल्या. साक्रीच्या त्या मिस्त्रीनं भंगारातून चेसिस आणली, दोन वर्षं पत्रा ठोकला आणि लाल रंग लावून उभी केली. त्याची बायको भागाबाई म्हणायची, मनी सवतले लाल लुगडं नेसाडं. गाडीला सवत म्हणायची आणि दर दसऱ्याला झेंडूची माळ पहिली तिलाच घालायची. आपल्या चौघांत कुणाची गाडी अडली की जीवराम आधी बोनेटवर हात ठेवून गप्प उभा राहायचा, लेकराचा ताप बघतात तसा. मग बोलायचा. माझ्या गाडीला तो कंटाळला होता, पण तोंडावर कधी बोलला नाही.

आता त्या दिवसाचं लिहितो. सहलीआधी रस्ता बघायला म्हणून आपण चौघं तोरणमाळला गेलो होतो आणि घाट उतरत होतो. कौतिकशेठ पुढे, मग तू, मग मी, सगळ्यांत मागे जीवराम. नियम तूच घातला होतास: घाट संपला की फाट्यावर तू लाल गमछा घेऊन उभं राहायचं, गाड्या मोजायच्या, चौथी डोळ्यांनी दिसली की गमछा हलवायचा आणि मगच सगळ्यांनी निघायचं. टेलिफोन नाही, वस्ती नाही, त्या रस्त्यावर आपल्याला एकमेकांशिवाय कोण होतं? आणि तू गमछा हलवलास. पुढे उभ्या असलेल्या कौतिकशेठनी तो पाहिला. दोंडाईच्याला चहा पिताना आपल्या लक्षात आलं की जीवराम अजून आलेलाच नाही.

वरून चौथ्याच वळणाखाली गाडी उलटली होती. पाय स्टिअरिंगच्या दांडीखाली अडकलेला. लाकूडवाल्या डोंगरसिंगच्या माणसांनी त्याला बाहेर काढून बैलगाडीत घातलं, तेव्हा तो बोलत होता म्हणे. गाड्या गेल्या का, विचारत होता. शहाद्याला पोचेपर्यंत संपला. तासभर आधी आणला असता तर, असं डॉक्टर म्हणाले. ते वाक्य तूही ऐकलंस आणि मीही.

तेराव्याला भागाबाईनं सगळ्यांसमोर विचारलं, मोजाले कोन व्हतं. सगळ्या माना तुझ्याकडे वळल्या. तू म्हणालास, मी होतो. एवढंच. त्याआधी एकदा माझ्याकडे बघितलंस. ती नजर मी तीन वर्षं रोज बघतो आहे, सुकदेव. तू उठून गेलास, महिन्याभरात गाडी विकून बडोद्याला गेलास. लोकांनी तुझ्या नावानं बोटं मोडली. कौतिकशेठ म्हणाले, माणूस हुशार होता पण घाईनं घात केला. मी मान हलवली. हो, मी मान हलवली.

आणि मी काय केलं माहीत आहे? भागाबाईचा भाऊ झालो. दर राखीला साक्रीला जातो. दिवाळीला साडी नेतो. ती मला चुलीजवळ पाट देते आणि म्हणते, भाऊ, तुम्ही नसता तर मी कोनाकडे पाहातू. ते अन्न मी गिळत आलो. गेल्या रविवारी तिच्याकडे गेलो ते सहलीत जीवरामची, आता दुरुस्त झालेली गाडी पुढे असावी म्हणून ती मागायला. तिनं लगेच हो म्हटलं. मग म्हणाली, गाडी लई जा भाऊ, पन जो थांबना नही तो मानूस तिले हात लावाले नको. म्हणजे तू.

तेव्हा मला पुढे बोलणं भाग होतं, आणि आता तुलाही लिहितो, जरी तुला ते पहिल्यापासून माहीत आहे. फाट्यावर तू थांबलाच होतास. मी खाली आलो आणि तुला म्हणालो, जीवराम मागेच आहे, शेवटच्या वळणावर बघितला, चल. तू म्हणालास, दिसू दे की. मी म्हणालो, माझ्यावर भरवसा नाही का? मी त्याला बघितलं नव्हतं. मागे नुसती धूळ दिसली होती, ती वर गेलेल्या एस.टी.ची होती. माझं इंजिन तापलं होतं, थांबलो असतो तर बंद पडलं असतं, आणि जीवराम येऊन पुन्हा बोनेटवर हात ठेवणार, कौतिकशेठ पुन्हा हसणार, एवढीच माझी अडचण होती. गाडी कुठल्या वळणाखाली सापडली हे बघितल्यावर तुला सगळं कळलं असणार. तरी तू वाट बघितलीस, मी माझ्या तोंडानं बोलेन म्हणून. मी बोललो नाही. मी भित्रा माणूस आहे.

हे सगळं भागाबाईला सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं माझ्यासमोरचं ताट उचललं, भाकरी गाईला घातली आणि दारात उभी राहून म्हणाली, हाई बठ्ठं सुकदेवभाऊले लिखी धाडा. गाडी मी त्यासनाच हातमा देसू. म्हणून हे पत्र. माझ्या हिमतीनं लिहिलं असं समजू नकोस, तिनं सांगितलं म्हणून लिहिलं. कौतिकशेठनाही काल सगळं सांगून आलो. चार तारखेला मी घरीच असेन, त्या रस्त्यावर माझं काही काम नाही. तू ये, जीवरामची गाडी तू चालव. मला उत्तर पाठवू नकोस. येणार असलास तर साक्रीला भागाबाईला कार्ड टाक. तिला वाचता येत नाही, पोस्टमन वाचून दाखवील. तीन वर्षं ती तुला शिव्या देत होती, आता रोज पोस्टमनची वाट बघत असेल.

अजून म्हणू देशील तर, तुझाच
शालिग्राम