बाकी तीन बटणं

मास्तरभावजींना,

थोरल्या वहिनीचा आशीर्वाद, आणि तुमच्या गुडघ्यांना वेगळा (ते तुमचं ऐकत नाहीत, माझं तरी ऐकतील). इकडे आम्ही चौघं बरी आहोत. तुम्ही ताट घेऊन जेवता, की अजून पातेल्यातूनच?

तर सांगायचं म्हणजे, सुटले बाई एकदाची! नातीच्या बाईंनी निरोप धाडला होता, की शुक्रवारी तोंडी गणित आलं नाही तर पोरीला रोज संध्याकाळी जादा वर्गाला बसवणार. झालंच की मग! मुलगा-सून रात्रीपर्यंत शिवणाच्या दुकानात, संध्याकाळी मी भांडायचं कुणाशी, भिंतीशी? म्हणून कंबर कसली (गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेय, काही कमी नाही). पाढे तिला गाण्यासारखे पाठ, पण मधूनच सात सक विचारलं की सात एके सातपासून गाडी सुरू. ती धापा टाकत बेचाळीसला पोचेपर्यंत माझा डोळा लागायचा. मग वेणी घालताना उलटसुलट विचारायला लागले, चुकली की हलकासा हिसका. पाढेही बसले आणि केसही.

भागाकाराला मुलाच्या डब्यातली बटणं घेतली. तेवीस बटणं, खुंटीवर गिऱ्हाइकांचे पाच शर्ट, वाटून दे म्हटलं. प्रत्येकाला चार दिली, तीन उरली. आता ही कुणाची, म्हणून पोरगी रडकुंडीला. (उरलेलं टाकायचं नाही, हे मीच तिला जेवताना शिकवलेलं.) मी पेंगत म्हणाले, दे कुणालातरी. तिनं दिली, भावजी! बँकेतल्या साहेबांच्या शर्टाला, पाठीवर, सुईदोऱ्यानं पक्की शिवून. साहेब तो न बघताच घालून कामावर गेले. दिवसभर खुर्चीला टेकले की टुणकन पुढे! संध्याकाळी येऊन शर्ट दुकानात आदळला. मुलानं बटणांचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला (मी स्टूल घेतलं).

शुक्रवारी मी वर्गाबाहेर खिडकीशी उभी. बाईंनी नेमकं तेच विचारलं, तेवीस भागिले पाच. भाग चार, पोरगी म्हणाली. माझा जीव भांड्यात पडणार, तोच बाई म्हणाल्या, "बाकी?"

"बाकी सगळं बरं आहे, बाई. तुमचं?"

(माझंच वळण, दुसरं काय.) वर्ग हसला, बाई हसल्या, मी खिडकीखाली बसकणच मारली. मग पोरीची ट्यूब पेटली आणि ती ओरडली, बाकी तीन, साहेबांच्या पाठीवर! पास केलं हो तिला. जादा वर्ग टळला. त्या संध्याकाळी आम्ही दोघी मनसोक्त भांडलो.

बाकी सगळं बरं.

तुमची वहिनी

ता.क. पुढच्या महिन्यात अपूर्णांक आहेत. आमच्या मास्तरांनी आम्हाला सगळं अख्खंच शिकवलं होतं. जन्मभर दुसऱ्यांची पोरं शिकवलीत, आता आपल्या पोरीसाठी या.

ता.क. पोरीनं हिशोब घातलाय. घरात आम्ही चौघं, खोल्या दोन, भाग सरळ जातो. तुम्ही आलात की बाकी एक. मी म्हटलं, ही बाकी घोरते, तिला दुकानात झोपवू. तर म्हणते, आजोबा तिकडे एकटेच उरलेत ना, मग कुणालातरी द्यायलाच हवेत.

ता.क. साहेबांनी तो शर्ट काही नेला नाही. तुमच्या मापाचा आहे. पोरगी बटणं उसवू देत नाही, तेव्हा आलात की टेकून बसू नका.