हातभर उजवीकडे

प्रिय रीस,

हे पत्र तुझ्या ट्रकच्या वायपरखाली अडकवून जातोय. आपण एकाच खोलीत राहतो आणि पत्रं लिहायला मी काही तुझी मैत्रीण नाही, हे मलाही कळतं. पण तोंडावर विषय काढला की तू हसण्यावारी नेतोस, नाहीतर उठून चालू लागतोस. म्हणून आज मी बोलणार आणि तू गप्प बसणार. सरावाच्या आधी वाच, नंतर वाचून उपयोग नाही.

कॉलेजच्या फुटबॉल संघातला पहिल्या वर्षीचा ऑगस्ट आठवतो? तू कोळंबीच्या बोटीवर जाळी ओढून आलेला, दंडात रग भरपूर, अक्कल बेताची. मी दिसेन तिथे चेंडू फेकायचास, आणि तो पोचेपर्यंत मी भलतीकडे असायचो. कोच एबेअर कपाळाला हात लावायचे. "अरे पोरा, तो आहे तिथे नको फेकूस, तो असणार आहे तिथे फेक." मग माझ्याकडे वळून, "आणि आपण तिथे असण्याची मेहेरबानी करावी." मग तू मी वळायच्या आधीच चेंडू सोडायला लागलास आणि मी वळायला उशीर करू लागलो. महिनाभर हेल्मेटच्या मागच्या बाजूवर चेंडू खाल्ले मी. वर तू विचारायचास, "दार ठोठावतोय रे, घरात कुणी आहे का?" राग इतका यायचा की तुझ्या बुटांत बर्फ भरून ठेवला होता एकदा.

दुसरं वर्ष दोघांनी राखीव म्हणून बाकावर काढलं. फळ्यावर कोच जी वाट आखायचे ती जिममागच्या गवतावर धावून धावून मी तिथली माती उघडी पाडली. इतकी पावलं सरळ, मग डावा पाय रोवायचा, मग आत वळायचं. तू नुसता माझ्या कमरेकडे बघत राहायचास, कारण कंबर खोटं बोलत नाही असं तुझं म्हणणं. आणि तिसऱ्या वर्षी एका साध्या मंगळवारी मी वळलो आणि चेंडू हातात होता. तो येताना मी पाहिलाच नव्हता. आपण जाऊन दोन-दोन ताटं राजमा-भात हाणला. तेव्हापासून मी डोळे मिटून वळलो असतो तरी चाललं असतं. एवढा भरवसा मी माझ्या सख्ख्या भावावरही ठेवलेला नाही.

आता मुद्द्याचं. ऑक्टोबरमधल्या त्या सामन्यात डावीकडून आलेल्या गड्याने तुला उचलून आपटलं. तू उठलास, अंगठा वर केलास, लोकांनी स्टेडियम डोक्यावर घेतलं. मैदानाकडेच्या तंबूत डॉक्टरांनी डोक्याची चाचणी घेतली आणि तू पास झालास. पास होणारच होतास. उन्हाळ्यात तीच चाचणी आधी घेऊन ठेवतात तेव्हा मुद्दाम चुका करायच्या, म्हणजे पुढे डोक्याला मार बसला तरी आकडा घसरलेला दिसत नाही, ही विद्या वरच्या वर्गातल्या पोरांनी आपल्याला पहिल्याच आठवड्यात शिकवली. आपण ती शहाणपण म्हणून शिकलो, आणि यंदाही दोघांनी वापरली.

त्या दिवसापासून तुझा चेंडू हातभर तुझ्या उजवीकडे येतो. कधीतरी नाही, प्रत्येक वेळी. मी वळतो आणि तिथे चेंडू नसतो. मग मी चोरून एक पाऊल जास्त टाकतो, अंग झोकतो आणि झेलतो. कुणाला काही दिसत नाही. सोमवारी पडद्यावर सामना दाखवताना कोच एबेअर पोरांना म्हणाले, "बघा, याला म्हणतात जोडी. चेंडू कुठे येणार हे याला आधीच ठाऊक." पोरं टाळ्या वाजवत होती आणि मला घाम फुटला होता. तू चुकतोयस आणि मी त्यावर इस्त्री फिरवतोय. माझ्या पायांमुळे तुझं आजारपण लपलंय, रीस.

तुझ्याकडे बघणं मला कुणी शिकवायला नको. मनगटावरची डावपेचांची पट्टी तू एक डोळा झाकून वाचतोस. रविवारी तुझ्या आईने, मिस लोरेननी, गंबोचं कालवण वाढलं तेव्हा तिखट सॉस तू वाटीच्या शेजारी ओतलास. त्या हसल्या, म्हणाल्या, "प्रेमात पडलाय वाटतं पोरगा." मीही हसलो आणि सांडलेलं पुसून टाकलं.

त्याच संध्याकाळी ट्रकमध्ये मी विचारलं, तेव्हा तू स्टिअरिंगवर डोकं टेकवून कबूल केलंस की तुला एकाचे दोन दिसतात. "चारच शनिवार राहिलेत मार्लन, मग वर्षभर झोपतो. तू फक्त झेल." मी म्हटलं, डॉक्टरांना सांगू. तू म्हणालास, "तोंड उघडलंस तर आपली दोस्ती संपली. शब्द दे." मी दिला. भित्रा आहे मी, या एका बाबतीत.

या शनिवारी व्यावसायिक संघांची माणसं येणार आहेत, तुला बघायला आणि मलाही. तू बाहेर बसलास तर तुझ्या जागी कूपर खेळेल. पोरगा गुणी आहे, पण पहिल्या वर्षाचा आहे, मी दिसल्याशिवाय फेकत नाही. माझ्या वाट्याला दोन झेल आले तरी पुष्कळ. म्हणजे तू गप्प राहण्यात माझाही फायदा आहे, आणि हे कळल्यापासून मला स्वतःचा वीट आलाय. कारण शनिवारच्या समोरच्या संघातला डावीकडून येणारा आडदांड गडी मी पडद्यावर पुन्हा पुन्हा पाहिला. त्या एकाचे दोन दिसले तर तू खऱ्याला चुकवशील की खोट्याला? डोक्याला दुसरा मार बसला आणि तू उठलाच नाहीस, तर मिस लोरेनच्या दारात मी काय तोंड घेऊन जाऊ?

मला तू हवा आहेस रे. चेंडू फेकणारा दुसरा मिळेल.

शब्द दिलाय, तो मोडणार नाही. आज सरावात मी कुणाला काही सांगणार नाही. फक्त फळ्यावर आखलंय तसंच धावेन, आखलंय तिथेच वळेन आणि तिथेच थांबेन. चोरून जास्तीचं पाऊल टाकणार नाही, अंग झोकणार नाही. चेंडू गवतावर पडेल, मग दुसरा, मग तिसरा. कोच आधी मला शिव्या घालतील, आणि मग त्यांना दिसेल. सगळ्यांसमोर असं कळावं हे मला नको आहे, म्हणून हे पत्र. डॉक्टरांची खोली दोन वाजता उघडते. मी बाहेरच्या बाकावर बसलेला असेन. आलास तर तुझ्यासोबत आत येतो आणि उन्हाळ्यातल्या चाचणीचं दोघांचंही सांगतो. नाही आलास तर तीनला मैदानावर भेटू. मग तू कितीही शिव्या दे, मी त्या वळणावरून हलणार नाही.

तुझाच, शिव्या खायला तयार असलेला,
मार्लन