एप्रिलातली लोकर

मंगळवार, २ एप्रिल १९३५

जावयाचं पत्र आलं. काल वैरागच्या बाजाराहून लोकर भरून उशिरा परतलो, आज सकाळी दुकानात गादीवर पाकीट दिसलं. धोंडीराम लिहितो — म्हाळसाला पाठवू नका. एडिंबऱ्यात त्यानं तिथल्याच एका बाईबरोबर संसार मांडलाय. पोरगी झालीय. 'काडीमोड झाली असं समजा आणि तिचा दुसरा पाट लावून द्या.'

समजा म्हणे! आमच्यात काडी मोडायची तर पंचांसमोर, दोघांनी समोरासमोर उभं राहून मोडतात. टपालानं मोडत नाहीत. तीन वर्षं तिकडं जनावरांची डॉक्टरकी शिकतोय, जनावराला तरी असं वागवत असेल का?

म्हाळसाची आई विचारायला आली, काय म्हणतात जावई? माझ्या तोंडून निघून गेलं — 'लोकरीचे कपडे भरपूर द्या म्हणतात.' ती खूश होऊन आत गेली.

झालं. आता कपडे घेणं आलं.

गुरुवार, ४ एप्रिल

दोन दिवस जेवण जात नाही. पत्र बंडीच्या आतल्या खिशात आहे. घामानं भिजतंय.

तिकीट निघालेलं आहे. मिशन दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई सत्तावीसच्या बोटीनं सुटीवर मायदेशी निघाल्यात, त्यांच्या सोबतीनं म्हाळसा जायची. दोन वर्षं ती त्यांच्या हाताखाली राबतेय, इंग्रजी बोलते. भावकीत सगळ्यांना ठाऊक झालंय. सांगू कोणत्या तोंडानं? हा जावई मीच शोधला. तिचा मामा नको म्हणत होता, मी हट्टाला पेटलो. म्हटलं, धनगराचं पोरगं शिकतंय, नाव काढेल. काढलं नाव.

म्हाळसानं जेवताना विचारलं, 'आप्पा, त्येंनी आनि काय लिवलंय?'

'थंडी लई हाय म्हणतात,' मी म्हटलं.

शनिवार, ६ एप्रिल

सात रस्त्यावर कासीम शिंप्याकडं गेलो. सोलापुरात विलायतेची थंडी पाहिलेला शिंपी हा एकच. लढाईत पलटणीबरोबर गेला होता, फ्रान्सात एक हिवाळा काढून आला.

मोठ्या ऐटीत माझ्याच दुकानातलं काळं घोंगडं पुढं टाकलं. जावळाची लोकर, कोकराच्या पहिल्या कातरणीची. सगळ्या जिल्ह्यात असा माल दुसरा नाही. म्हटलं, ह्याचाच कोट शिव. कासीमनं बोटांनी चोळून पाहिलं आणि मान हलवली. 'आप्पा, माल नंबर एक हाय. पन चिंचोक्याची खळ हाय की ह्येला. तितं रोज पाऊस. खळ सुटंल, वास मारंल. पोरीला लोक जवळ उभं करनार न्हाईत.'

तीन पिढ्या आम्ही लोकर विकतो. पोरीच्या अंगावर घालायला मात्र घरची लोकर चालत नाही. राग आला, पण घोंगडं घडी करून काखेत मारलं. बाजारातून विलायती बनातीचं जाड लोकरी कापड घेतलं.

मंगळवार, ९ एप्रिल

आज माप दिलं. चोळीचं एक बरं असतं, जुनी चोळी मापाला धाडली की काम भागतं. कोटाला नमुना आणायचा कुठून? आमच्या घरात बाईमाणसानं कोट घातलाय कधी? शेवटी कासीमची बायको सरदारबी म्हाळसाला पडद्याआड घेऊन गेली. आतून ती आकडे सांगायची, कासीम बाहेर लिहून घ्यायचा. मी बाकावर.

आकडे ऐकून म्हटलं, एवढा ढगळ कशाला? तो म्हणाला, 'हितल्या अंगावर बेतला तर तितं बटन लागनार न्हाय. आत लोकरीचे दोन कपडे येतेत.' मग हसून म्हणाला, 'पोटाशी माया जास्तच सोडतो. नवऱ्याकडं चाललीया पोरगी. वरीसभरात उसवायला लागंल.'

पडद्याआडून म्हाळसा म्हणाली, 'नगं. हाय त्या मापाचा शिवा.'

सरदारबी हसली. कासीम हसला. मीही हसलो. लाजली असेल, म्हटलं. घरी येईपर्यंत टांग्यात ती रस्त्याकडं बघत बसली आणि माझी तिच्याकडं बघायची छाती झाली नाही.

गुरुवार, ११ एप्रिल

ऊन मी म्हणतंय. हातमोजे कुठंच मिळत नाहीत. एका दुकानदारानं क्रिकेटचे काढून दाखवले.

शनिवार, १३ एप्रिल

लोकरीचे पायमोजे आले, मुंबईहून मागवलेले. गुडघ्यापर्यंत. म्हाळसानं ते चढवले आणि भर दुपारी फरशीवर चालून पाहिलं. तिच्या आईला हसू आवरेना. 'अगं काढ, उकडून मरशील!' शेजारच्या बायकांना बोलावून दाखवलं. सगळ्या तिच्या पायांकडं बघत होत्या. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. ती हसत होती खरी, पण आईसाठी.

संध्याकाळी मोजे घडी करता करता पुन्हा तेच — 'आप्पा, माज्यासाटी काय न्हाई का लिवलं त्येंनी?'

'तुझी वाट बघतोय म्हणतात.'

का बोललो हे? कोण बोलायला लावतं? एका खोट्यावर दुसरं, दुसऱ्यावर तिसरं. पहिल्या दिवशी निदान गप्प तरी बसायचं होतं.

सोमवार, १५ एप्रिल

आज ह्याहून वाईट केलं. तारघरात जाऊन धोंडीरामला तार ठोकली — म्हाळसा निघते आहे, धक्क्यावर या. त्याचं पत्र मिळालंच नाही असं दाखवायचं.

मनात काय होतं ते इथं तरी खरं लिहावं. वाटतं, ती कोट घालून बोटीतून उतरेल, तो समोर बघेल आणि पाघळेल. लग्नाची बायको आहे. आमची पोर देखणी आहे, कामाला वाघीण आहे. कुणालाही आपली चूक कळेल.

आणि नाही कळली तर? परमुलखात, परक्या धक्क्यावर पोर एकटी. हे मी करतोय, तिचा बाप. आणि का, तर भावकीत मान खाली जाऊ नये म्हणून.

शुक्रवार, १९ एप्रिल

तारेला उत्तर नाही.

शनिवार, २० एप्रिल

कोट आला. कासीम स्वतः घेऊन आला. काळाभोर, घोट्याच्या वर चार बोटं. लुगड्यावर घालून म्हाळसा उभी राहिली. नाकावर घाम. कासीमनं कॉलर उभी करून दाखवली, म्हणाला, 'वारा मानेतनं शिरतो, ही अशी ठिवायची.' तिनं पुन्हा स्वतः करून पाहिली. त्या उभ्या कॉलरीत पोर एकदम मोठी दिसली, कुणा दुसऱ्याचीच लेक वाटली.

कासीम जाताना हळूच म्हणाला, 'आप्पा, पोरीला सांभाळनारं मानूस तितं असंल तरच थंडी निभते. कपडे काय, निमं काम करतेत.'

ह्याला काही कळलंय का? छे. कुठून कळणार?

रात्री ताट वाढताना म्हाळसानं तिसऱ्यांदा विचारलं. 'त्या पत्रात आनि कायच न्हाई का, आप्पा?' मी भाकरी मोडत राहिलो. नाही म्हटलं.

सोमवार, २२ एप्रिल

ठरलं. सांगणार. तिकिटाचं पाणी होऊ दे, भावकी तोंडात शेण घालू दे. पोरीला माझ्या हातानं त्या धक्क्यावर उभी करणार नाही. तिच्या आईला आधी सांगू की तिला, एवढंच ठरत नाही. मला रडू येईल ह्याची भीती वाटते.

मंगळवार, २३ एप्रिल

आज बाजार. घरात माणसं. जमलं नाही.

बुधवार, २४ एप्रिल

सांगितलं. पत्र काढून तिच्या पुढ्यात ठेवलं. तिनं उघडलंसुद्धा नाही.

'मला ठावं हाय, आप्पा. तुमी वैरागला व्हता तवा पोष्टमननं माज्याच हातात दिलं. वाचलं, परत चिकटवून गादीवर ठिवलं.'

मग कशाला जातेस, म्हटलं. राहा, मी आहे. ती ट्रंकेत कोट ठेवत होती. हात थांबला नाही.

'डाक्टरीनबाईंसंगं बोलनं झालंय माजं. तितं दाईचं काम शिकनार. तुमच्या जावयाच्या दाराला मी जानार न्हाय. पयल्या दिशी तुमी सांगितलं असतं, तर जानारच नव्हते. तुमच्यापाशीच ऱ्हायले असते.'

तिनं ट्रंकेचं झाकण लावलं.

'त्येंनी निदान लिवून तरी कळवलं,' म्हणाली.