केशरी टोपीच्या सिरिंजा

नाशिक
बुधवार, १८ नोव्हेंबर १९९८

सौ. मैना हिस,
आशाचा सप्रेम नमस्कार.

तू खुशाल असशील. सात वर्षांनी माझं अक्षर बघून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. तरी पत्र फाडू नकोस, आधी वाच. इकडे सगळं ठीक. इंदिरानगरला दोन खोल्या घेतल्यात, आईचे गुडघे कुरकुरतात, आणि मी अजून मुलांच्याच वॉर्डात आहे. तू सुरगाण्याकडच्या उपकेंद्रात असतेस हे तिकडच्या एसटीचे कंडक्टर गोटीरामभाऊ यांच्याकडून कळलं. हे पत्र आणि सोबतचा पुडा त्यांच्याच हाती देते आहे.

काम तसं छोटं आहे. तुझ्यापासून कोसभरावरच्या पाड्यावर चिमणाबाई राहतात. नवरा द्राक्षबागेच्या कामाला बाहेर. त्यांची रोशनी, वय आठ, साखरेच्या आजाराने आमच्याकडे सतरा दिवस होती. रोज दोनदा इन्सुलिन टोचावं लागतं. परवा सोमवारी तिला घरी सोडलं. पुड्यात लाल टोपीच्या सिरिंजा आहेत, त्या चिमणाबाईंना दे आणि त्यांच्याकडच्या केशरी टोपीच्या परत घे. घाईत चुकून दुसऱ्याच गेल्या असाव्यात. रेघा सारख्याच दिसतात, पण माप वेगळं. केशरीच्या दहाव्या रेघेला औषध निम्म्याहूनही कमी भरतं. मुलीला फार तहान लागते का, सारखी लघवीला जाते का, गुंगीत असते का, तेवढं बघ. श्वासाला पिकल्या फळासारखा वास आला तर एक क्षण न घालवता इकडे पाठव.

आजच जमलं तर बरं.

आपली,
आशा, स्टाफ नर्स


गुरुवार, १९ नोव्हेंबर
सकाळी साडेसात, एसटी स्टँड

मैना,

गोटीरामभाऊ म्हणाले, "उपकेंद्राला कुलूप व्हतं. नर्सबाई लसीकरणाला गेल्यात. शेजारी दिलंय पत्र." म्हणजे तू ते वाचलंस की नाही, मला ठाऊक नाही. पोरीला कमी औषध जायला लागून आज चौथा दिवस.

कालचं पत्र मी फार जपून लिहिलं. 'दुसऱ्याच गेल्या असाव्यात' म्हणे. सिरिंजा आपल्या पायांनी कुठे जात नाहीत. मी दिल्या.

सोमवारी लालवाल्या संपल्या होत्या. देणगीत आलेलं एक खोकं कपाटात होतं, त्यातल्या वीस काढून दिल्या. चिमणाबाईंना अंक वाचता येत नाहीत, म्हणून मी त्यांना रेघा मोजायला शिकवलं होतं, एकेका रेघेवर नख ठेवून. आठ दिवस त्या नुसत्या पाण्यावर सराव करत होत्या. औषधाची बाटली ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवायची, हवेचा बुडबुडा काढायचा, मांडीची चिमटी धरून सुई टोचायची, सगळं त्यांनी मला करून दाखवलं. रोशनीला थरथर सुटली, घाम आला तर आधी साखर तोंडात घालायची, हेसुद्धा पाठ. मी वॉर्डभर मिरवत होते, बघा माझी विद्यार्थिनी. निघताना त्यांनी नवी सिरिंज हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली.

"बाई, ही टोपी लाल नाय. ही दुसरी हाय."

मला आणखी चौघांना घरी सोडायचं होतं, त्यांचे कागद व्हायचे होते. मी म्हणाले, "टोपीचं काय घेऊन बसलात? रेघा त्याच आहेत. दहा मोजायच्या. कळलं ना?"

"हो बाई."

हो म्हणाल्या, कारण मी विचारलंच अशा सुरात की दुसरं उत्तर देता येऊ नये. काल सकाळी दुसऱ्या मुलासाठी तेच खोकं उघडलं, बाजूला छापलेला आकडा वाचला: शंभर. आपलं औषध चाळीसच्या मापाचं.

आता पुढचं ऐक. तुमच्याकडच्या आरोग्य केंद्राचा फोन लागतो. कालच करता आला असता. पण तिथल्या डॉक्टरांनी पहिलं विचारलं असतं, सिरिंजा कुणी दिल्या? म्हणून केला नाही. तुला लिहिलं, कारण तू बोलणार नाहीस याची खात्री होती. तेव्हाही तू माझं नाव घेतलं नव्हतंस. एका लेकराचा जीव टांगणीला लागलाय आणि मी स्वतःला कसं वाचवायचं हा हिशेब करत बसले. मला माझीच किळस येते आहे.

हे पत्र गाडीत दिलं की मेट्रनबाईंकडे जाते. आधी फोन, मग जे व्हायचं ते होईल. पण फोन झाला तरी पाड्यावर चालत जायला माणूस लागेल. मैने, तू जा. पत्र मिळेल तशी ऊठ आणि जा.

आशा


नाशिक
शनिवार, २१ नोव्हेंबर

प्रिय मैने,
जयभीम. नर्सिंगच्या होस्टेलात तू यावर मुद्दाम ठसक्यात 'राम राम' म्हणायचीस.

गुरुवारी संध्याकाळी गोटीरामभाऊ स्वतः वॉर्डापर्यंत आले आणि तुझी चिठ्ठी दिली. ती उघडायला मला धीर होत नव्हता. आमचा फोन जायच्या आधीच, रात्री शेजारून मिळालेलं माझं पहिलंच पत्र वाचून तू उजाडता उजाडता पाड्यावर पोचली होतीस. दुसऱ्याची, माझ्या कबुलीची, तुला गरजच पडली नाही. चिठ्ठी मला आता पाठ झाली आहे:

"मुलगी बरी आहे. शेळीमागे पळत होती. केशरी सिरिंजा फडक्यात बांधून तशाच ठेवल्यात, एकही वापरलेली नाही. सरावाची लाल टोपीवाली चिमणाबाईंनी पदराच्या गाठीत आणली होती, तीच धुऊन पुसून पाच वेळा टोचली. सुई बोथट झाली, मांडी सुजली आहे, शेकायला सांगितलं. मला म्हणाल्या, 'बाईनं जिच्यावर शिकवलं ती हीच. दुसरीला हात लावायचा तं पुन्यांदा विचारून लावू.' तिनं तुझं ऐकलं नाही म्हणून पोर वाचली. — मैना."

मी औषधांच्या कपाटाला टेकून रडले. सगळ्यांसमोर.

चिठ्ठीत सात वर्षांबद्दल एक अक्षर नाही. तू लिहिणार नाहीस, म्हणून मी लिहिते. एक्याण्णव साली आपण शिकत होतो, तेव्हा चार नंबरच्या खाटेवरच्या मुलाला दुसऱ्याचं औषध गेलं. ट्रे तू नेलास म्हणून चौकशी तुझी झाली. भरला मी होता. आणि तू नेण्याआधी बाटली उचलून विचारलं होतंस, "आशे, हीच ना गं? वेगळी वाटते." मी वर न बघता म्हणाले होते, "ने गं, किती विचारतेस." मुलगा वाचला, तुझा कोर्स मात्र सुटला. मला स्टाफ नर्सचा बॅज मिळाला, तुझ्या वाट्याला एएनएमचा धाकटा कोर्स आणि दोन वर्षांनी उपकेंद्र आलं. इतकी वर्षं मी स्वतःला समजावत होते की तो एक अपघात होता. सोमवारी चिमणाबाईंना मी तेच वाक्य बोलले, फक्त शब्द वेगळे.

मेट्रन मंगलाबाईंना जबाब लिहून दिला. शेवटी एक्याण्णवची हकिकतही लिहिली. त्यांनी वाचून चष्मा काढला. "हे कशाला? हे तुला कुणी विचारलेलं नाही."

"विचारलं होतं," मी म्हणाले. "मैनानं."

चौकशी होईपर्यंत मला वॉर्डात यायला बंदी. नोकरी राहील की जाईल, कुणी सांगत नाही, आणि मला भीती वाटते आहे, ते खोटं कशाला सांगू? आईला अजून बोलले नाही.

सोमवारच्या गाडीने येते आहे. आधी पाड्यावर जाईन. चिमणाबाईंना सांगायचं आहे की टोपी खरंच दुसरी होती, त्यांचं बरोबर होतं आणि बाईचं चुकलं होतं. मग तुझ्या दाराशी येईन. तू दार उघडलं नाहीस तर संध्याकाळच्या गाडीपर्यंत ओट्यावर बसेन आणि परत जाईन, तक्रार नाही.

ट्रे जिने भरला होता ती,
आशा