लिफ्टची अचानक पाहणी

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ११

अनुजाचा मेसेज. आठ महिन्यांनी. "ती लिफ्ट खरंच बंद आहे का?" बस, एवढाच.

पण त्यातलं ते 'खरंच'. ज्या माणसाबद्दल काही वाटत नाही त्याला कोणी 'खरंच' विचारत नाही.

लिफ्ट म्हणजे पुलाची. आमच्या चाळीसमोरच्या रस्त्यावर सरकारने पादचारी पूल बांधला, दोन्ही टोकांना लिफ्ट. मंत्र्यांनी फीत कापली, मंत्री वर गेले, मंत्री खाली आले, लिफ्ट बंद. तेव्हापासून आत कबुतरं राहतात. शनिवारी मी त्यावर रील टाकली. ठेकेदार, सरकार, कबुतरं, कोणालाच सोडलं नाही. लाइक मोजकेच आले. चिंचपोकळीला क्रांती नकोच आहे.

पण अनुजाने बघितली. विषय संपला.

रिप्लाय लगेच द्यायचा नाही. भाव उतरतो. संध्याकाळी बघू.

११.०४

दिला.

४ फेब्रुवारी

अनुजा हल्ली विधिमंडळाच्या एका समितीच्या ऑफिसात आहे, कंत्राटी. आमदारांची समिती. रस्ते, पूल, नाले, झाडं लावायची कामं, सगळी सरकारी कंत्राटं तपासते. कागदावर जे लिहिलंय ते जागेवर आहे का बघते आणि सभागृहात अहवाल ठेवते. आमच्या लिफ्टबद्दल त्यांच्याकडे कागद आलाय की 'उद्वाहक कार्यान्वित'. लिफ्टला उद्वाहक. असल्या भाषेमुळेच मी कॉलेज सोडलं.

(आई सगळ्यांना सांगते हजेरी कमी होती. हजेरी हा माझ्या जाण्याचा परिणाम होता, कारण नव्हे.)

अनुजा म्हणाली, वापरणारं एखादं माणूस आहे का तुमच्या चाळीत, लिफ्ट नसल्यामुळे ज्याचं खरंच अडतंय? पुन्हा 'खरंच'. मी म्हटलं, गंगुबाई. आमच्या शेजारची म्हातारी. गुडघे गेलेत, दवाखाना रस्त्यापलीकडे. मध्ये डिव्हायडरला एवढी उंच जाळी की मांजर जाईना. पायऱ्या चढवत नाहीत म्हणून दोन-दोन महिने बीपी न तपासता बसते. अनुजा म्हणाली, हितेंद्र, हे फार महत्त्वाचं आहे.

पूर्ण नाव घेतलं. 'हितू' म्हणणारे चाळीत शंभर आहेत.

६ फेब्रुवारी

पुष्करबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण हे पान माझ्या बापाचं आहे. (शब्दशः. डायरी बाबांना सिक्युरिटीच्या कंपनीने दिली.)

पुष्कर माझ्या आणि अनुजाच्या वर्गातला. त्याने कॉलेज पूर्ण केलं, कारण त्याला दुसरं काही सुचलं नाही. आता याच पुलाच्या ठेकेदाराकडे साइट इंजिनियर. पुलाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतो, पांढरं हेल्मेट मांडीवर, डोक्यावर कधीच नाही. मला बघून हात करतो. मी करत नाही. थर्ड इयरला असताना त्याने अनुजाला बाइकवरून दादरला सोडलं होतं. मी तेव्हा कॉलेजात नव्हतो, पण फोटो बघितलाय. ती मागे बसली होती आणि हसत होती. बाइकवर हसायचं काय असतं?

सोडणार नाही.

९ फेब्रुवारी, रविवार. दुपारी

अनुजाचा फोन. स्वतःहून.

समिती येतेय. शुक्रवारी, अकरा वाजता. आणि न कळवता येतेय. ती म्हणाली, एरवी आधी कळवून जातात, मग जातील तिथे कुंड्या, ताजा रंग आणि समोसे. या वेळी सुनेत्राताईंनी, म्हणजे समितीच्या प्रमुख आमदारांनी, हट्टच धरलाय की जसं आहे तसं बघायचं. ठेकेदाराचं शेवटचं बिल या अहवालावर अडलंय. तारीख ताईंना, आमच्या साहेबांना आणि मला, एवढ्यांनाच माहिती आहे. आणि आता तुला. तू फक्त गंगुबाईंना अकराला लिफ्टपाशी आण. बाकी काही करू नकोस. कोणाला सांगू नकोस.

'आणि आता तुला.'

शुक्रवार म्हणजे चौदा फेब्रुवारी. सरकारी कामात अशी तारीख योगायोगाने पडत नाही.

संकल्प: तोंड शिवून घेणे. दाढी करणे.

९ फेब्रुवारी, संध्याकाळ

फक्त अमितला सांगितलं. अमित म्हणजे 'कोणी' नाही, अमित मित्र आहे.

१० फेब्रुवारी

गंगुबाईला सांगितलं. ती म्हणाली, माका थंय उभ्यान रवाक जमाचा नाय रे झिला, खुर्ची हाड. खुर्च्या मंडळाच्या, किल्ली शामरावांकडे. शामराव मंडळाचे अध्यक्ष, मी चड्डीत होतो तेव्हापासून. कशाला हवी म्हणाले. नाइलाज. सांगितलं.

शामरावांना धक्काच बसला. पूल बघून नव्हे. आमदार आपल्या विभागात येणार आणि आपण साधं स्वागत नाही करायचं? म्हणाले, हितू, लालबागवाले हसतील रे आपल्याला.

मी स्पष्ट सांगितलं, काका, गुप्त आहे. ते म्हणाले, गुप्तच स्वागत करू. एक फ्लेक्स, एक शाल, एक नारळ. ढोल नको. मी म्हटलं, ढोल अजिबात नको. म्हणजे ऐकलं त्यांनी माझं. नेतृत्व म्हणजे दुसरं काय असतं!

११ फेब्रुवारी

फ्लेक्सचा मजकूर मी लिहिला. "अचानक पाहणीसाठी येणाऱ्या समितीचे चिंचपोकळी नगरीत हार्दिक स्वागत!" खाली 'झुंजार युवा नेतृत्व' आणि माझा फोटो. प्रिंटरने मला कोपऱ्यात, अमितच्या खांद्यामागे टाकलं होतं. मी भांडलो. लिफ्टचा विषय कोणाचा? रील कोणाची? शेवटी शामरावांच्या बरोबरीने आलो. फोटो गॉगल काढलेला हवा होता, म्हणजे डोळे दिसले असते. पण गॉगलशिवायच्या सगळ्या फोटोंत आई आहे.

गुप्ततेचं भान ठेवून तारीख टाकली, वेळ टाकली नाही.

१२ फेब्रुवारी

अमित म्हणाला, वेळ नसेल तर लोक येणार कधी? बरोबर होतं. मार्करने 'स. ११ वा.' लिहिलं.

फ्लेक्स पुलाच्या कठड्याला बांधला, दोन्ही बाजूंनी दिसेल असा. शिडी नव्हती. पुष्करने स्वतः दिली. शिडी धरून उभाही राहिला! घाबरलाय. मी उतरल्यावर त्याने फ्लेक्स पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला, मग फोन काढला आणि फोटो घेतला. मस्त आलाय रे हितू, म्हणाला.

जळतोय.

१३ फेब्रुवारी. सकाळ

पुलाखाली टेम्पो. माणसं, ताडपत्र्या, पेट्या. पुष्कर फोनवर ओरडत फिरतोय. पळायच्या तयारीत असावा. मी गॅलरीतून मुद्दाम त्याच्याकडे बघत चहा प्यायलो.

१३ फेब्रुवारी. संध्याकाळ

ते सामान न्यायला नव्हते आले. आणायला आले होते.

कबुतरं हाकलली. लिफ्ट धुतली. तेल घातलं, दिवा बसवला, आत आरसासुद्धा. पुलाला निळा रंग, लिफ्टबाहेर कुंड्या. आता बटन दाबलं की एक बाई गोड आवाजात इंग्रजीत बोलते. आमच्या वाडीतली पोरं रांग लावून वर-खाली करतायत.

कोणीतरी फितूर झालंय.

अमितला विचारलं, तू कोणाला बोललास? तो म्हणाला, येडा झालास काय? शामरावांना विचारलं, त्यांनी माझ्या वडिलांचा उद्धार केला. आईला विचारलं तर ती म्हणाली, अरे एवढा मोठा बोर्ड टांगलायस, अजून कोणाला शोधतोस? मी तिला समजावलं की बोर्डावर लिफ्ट हा शब्दच नाही. आईला राजकारण कळत नाही.

अनुजाला कळवावं का? नको. तिला काळजी लागेल. उद्या मी भाषणात सगळं उघडं पाडणार. तालीम केली. बाबा म्हणाले, आवाज खाली, ड्युटीवरून आलोय.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी ३

सविस्तर लिहितो. इतिहासाला लागेल.

बरोब्बर अकराला गाड्या आल्या. आधी सुनेत्राताई उतरल्या. मान वर करून त्यांनी फ्लेक्स वाचला. बराच वेळ. मग मागे उतरलेल्या साहेबांकडे बघितलं, साहेबांनी अनुजाकडे. अनुजा फिक्कट हिरव्या ड्रेसमध्ये. ती फ्लेक्सकडे बघतच राहिली. माझा फोटो एवढा निरखून आजवर कोणी बघितलेला नाही.

आणि ढोल वाजले. शामरावांनी शेवटी आणलेच. शाल, नारळ, सगळं झालं.

मग लिफ्ट. पुष्कर हेल्मेट घालून. आयुष्यात पहिल्यांदा डोक्यावर! त्याने बटन दाबलं, दार उघडलं, बाई बोलली. गंगुबाई आत गेली, वर गेली, खाली आली, बाहेर येईना. म्हणाली, आणखी एकदा. ताईंनी विचारलं, आजी, लिफ्ट कशी वाटली? गंगुबाई म्हणाली, बरी आसा गो बाय, आत आरसो पण आसा. ताईंनी पुढे विचारलं, कधीपासून चालू आहे? तेवढ्यात ढोलवाले पुन्हा सुटले, त्यांना वाटलं कार्यक्रम संपला.

आता मी पुढे झालो. भाषण सुरू केलं. सुरुवात ठेकेदारापासून करायची होती, पण समोर पुष्कर होता, त्यामुळे पुष्करपासून झाली. तो कसा दिसतो, कसा बसतो, कॉलेजात कोणाला बाइकवर बसवायचा, सगळं काढलं. लोक हसत होते, म्हणजे पकड होती. मध्येच ताईंनी थांबवून विचारलं, पुलाबद्दल तक्रार काय? पायऱ्या, लाद्या, पाणी साचतं का? मला आठवेना. खरं सांगायचं तर मी पुलावर फारसा जातच नाही. मी त्या जाळीवर चढून पलीकडे उडी मारतो.

ताई म्हणाल्या, बोर्डावरचे ते तुम्हीच का? मी अभिमानाने म्हटलं, हो. त्या अनुजाला म्हणाल्या, यांचं नाव लिहून घ्या. आणि अनुजाने ते स्वतःच्या हाताने लिहिलं. चौदा फेब्रुवारीला.

एकंदरीत यशस्वी.

१४ फेब्रुवारी. संध्याकाळ

लिफ्ट बंद. टेम्पो आला, आरसा काढला, कुंड्या चढवल्या, दाराला साखळी. गंगुबाई दुपारी हौसेने लिफ्टने दवाखान्यात गेलेली, डॉक्टर आलेच नाहीत. ती पलीकडे, लिफ्ट बंद. मी आणि अमितने हाताची खुर्ची करून आणली. वाटेत एकदा म्हणाली, आरसो खंय गेलो? मी पुष्करला जिवंत सोडणार नाही. तो निघून गेलाय, खुर्चीसकट.

लगेच रील करून अनुजाला पाठवली. बघितली. रिप्लाय नाही. बिझी असेल.

१८ फेब्रुवारी

चार दिवस अनुजा फोन उचलत नाही. भावना दाटून आल्या की काही लोक बोलत नाहीत.

२० फेब्रुवारी

उचलला.

मी म्हटलं, लिफ्ट त्याच दिवशी बंद झाली, लिहा अहवालात. ती म्हणाली, समितीने डोळ्यांनी जे बघितलं तेच अहवालात जाणार. उद्वाहक चालू. वापरणाऱ्या वृद्ध महिलेने समाधान व्यक्त केलं. पुन्हा पाहणी कधी होईल माहीत नाही, यादीत रांग आहे. ठेकेदाराचं बिल आता अडणार नाही.

मी म्हटलं, पण बातमी फोडली कोणी ते शोधायला हवं. मला वाटलं फोन कट झाला. मग तिने शांतपणे सांगितलं की तोच प्रश्न तिच्या साहेबांनी तिला विचारला. तारीख बाहेरच्या कोणाला माहीत होती? तिने खरं ते सांगितलं. आता ती समितीच्या कामावर नाही, टपाल शाखेत बसते. लिफाफे फोडते. मार्चअखेर कंत्राट संपतंय, पुढे माहीत नाही.

मी म्हटलं, मी निषेधाचा फ्लेक्स लावतो, तुझ्या फोटोसकट.

फोन कट झाला. या वेळी खरोखर.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी अनुजा चाळीत आली. खालून आईने हाक मारली, मी शर्ट बदलून पळत उतरलो. ती माझ्याकडे आली नव्हती. गंगुबाईचं दार कुठलं, विचारत होती.

गंगुबाईला नमस्कार केला. म्हणाली, आजी, लिफ्टचं जमलं नाही. तुमचं बीपी तपासायचं राहिलंय ना, चला, मी नेते. गंगुबाई म्हणाली, कशी गो नेतलंस? अनुजाने मंडळाची खुर्ची ओढली, ओढणी कमरेला बांधली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. म्हणाली, मागून धर.

पुलाच्या पायऱ्या मी आज नीट बघितल्या. अर्ध्या लाद्या हलतात. जिन्याच्या वळणावर पाणी साचतं, त्यात शेवाळ. एका पायरीची कड तुटून लोखंड बाहेर आलंय. हे सगळं बोलता आलं असतं.

पुढे अनुजा, मागे मी, मध्ये गंगुबाई. खुर्चीचं वजन माझ्या बाजूला. पूर्ण चढ तिची पाठ दिसत होती, एकदाही वळली नाही. वर पोचायच्या आधी ती म्हणाली, सावकाश, लागेल.

मी म्हटलं, नाही लागत मला.

ती गंगुबाईला म्हणाली होती.